तार बारीक कुणाची?



मोटार जळाली की दोन पक्ष तयार होतात. वायरमन म्हणतो, "तुमची केबलच बारीक आहे, त्याला आम्ही काय करणार?" शेतकरी म्हणतो, "तुमचे व्होल्टेजच नाही, त्याला केबल काय करणार?" दोघेही थोडे थोडे खरे बोलत असतात आणि आकडा दोघांपैकी एकाकडेही नसतो. मग मोटार ट्रॉलीत पडते, तालुक्याला जाते, रिवाइंडिंगच्या दुकानात नंबर लावून बसते. तेवढ्या दिवसांत कपाशीची पाती गळतात किंवा ज्वारी ऐन पोटरीत कोरडी राहते. भांडण तिथेच संपते. वायरमनचा पगार चालू राहतो, रिवाइंडिंगवाल्याचे दुकान चालते, आणि ज्याच्याकडे आकडा नव्हता त्याच्या खिशातून दोघांचे भागते.

या भांडणात आकडा आपल्या हातात असला पाहिजे, एवढेच आम्हाला आज सांगायचे आहे.

आमच्याच काही जुन्या सहकाऱ्यांना हा विषय रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. ते म्हणतील, शेतकऱ्याचे दुःख भावात आहे, तारेत नाही. बी-बियाणे, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या हे सांगायला सरकारने खाती उघडली आहेत. शेतकरी अडाणी म्हणून गरीब राहिला, हा साहेबी सिद्धांत खोडून काढण्यात आपली उमर गेली, आणि आता आपणच त्याला केबलची जाडी शिकवायची? आक्षेप खरा आहे. कृषी पदवीची भेंडोळी घेऊन आम्हीही एकेकाळी बांधावर हेच उपदेश करत फिरलो, आणि उत्पादन वाढवूनही घरात पैसा राहत नाही हे पाहूनच चळवळीत आलो. पण मोटार जळण्याचे खापर जेव्हा शेतकऱ्याच्या "अडाणी वायरिंग"वर फोडले जाते, तेव्हा गप्प बसणे म्हणजे तोच साहेबी सिद्धांत मुकाट्याने मान्य करणे. खापर कुणाचे किती, हे मोजता येते. मोजायला वीस-पंचवीस रुपयांची वही आणि एक साधा मल्टीमीटर पुरतो.

उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावरचे घेतो. कापूस-ज्वारीवाल्यांना सुपारी-नारळाच्या मुलखाशी काय देणेघेणे, असे वाटेल. देणेघेणे आहे. अलिबागच्या अष्टागरात, म्हणजे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात, वाडी घराच्या मागे असते आणि विहीर वाडीत. पाणी वर असते. पूर्वी रहाटाने शिंपणे होई, आता त्याच विहिरींवर लहान मोटारी बसल्या आहेत. वऱ्हाड-मराठवाड्यासारखी तीनशे फूट बोअर नाही, अर्धा कोस केबल नाही. म्हणजे मोटार न चालण्याच्या सबबी तिथे सगळ्यात कमी. तरीही मोटार घुमते, कपॅसिटर फुगतो, वाडी दोन दोन दिवस तहानलेली राहते. जिथे सबबी कमी तिथे दोष स्वच्छ दिसतो, म्हणून आधी किनारा आणि मग आपले रान.

आणखीही एक कारण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या भागांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. कित्येक गावे आठवडे न् आठवडे अंधारात राहिली. पुढे खांब नवे उभे राहिले, त्यांवरच्या तारा नव्या आल्या. पण घरातल्या मीटरपासून विहिरीपर्यंतची तार कुणी भरपाईत धरली नव्हती. झाडाखाली सापडून तुटलेली तीच वायर पीळ देऊन जोडली गेली, वरून चिकटपट्टी गुंडाळली गेली आणि पोफळीच्या खोडांना खिळे मारून पुन्हा विहिरीपर्यंत नेली गेली. आम्ही पाहिलेल्या वाड्यांत अशा एकेका वायरीला चार-पाच जोड होते. वर खारे वारे. त्याचे काय होते ते पुढे येईलच.

आता तारेचा कायदा. हा कुठल्या विधानसभेने केलेला नाही म्हणून तो मोडता येत नाही. तारेतून करंट जातो तेव्हा तार थोडा दाब खाते. किती खाते ते तीन गोष्टींवर ठरते. करंट जितका जास्त तितका जास्त, तार जितकी लांब तितका जास्त, आणि तार जितकी जाड तितका कमी. पाटाच्या पाण्याचे जसे आहे तसेच. लांब आणि अरुंद पाटात पाणी जिरते, शेवटच्या वाफ्याला ओल पोचत नाही.

दुकानात गेलात की दुकानदार विचारतो, मोटार किती एचपी? आपण सांगतो, आणि तो बंडल काढून देतो. विहीर किती लांब आहे हे त्याने विचारलेले नसते. त्याचे म्हणणे असते की ही तार एवढ्या अॅम्पिअरला तापत नाही. ते खरेही असते. तार न तापणे ही एक परीक्षा झाली. तारेच्या दुसऱ्या टोकाला किती व्होल्ट उरतात ही दुसरी, आणि शेतात नापास व्हायला होते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या परीक्षेत. घरातल्या वायरिंगमध्ये अंतर दहा-पंधरा मीटरचे, तिथे पहिली परीक्षा पुरते. शेतात अंतर शेकडो मीटरचे असते.

हिशेब सोपा आहे. थ्री-फेज मोटारीला, तांब्याची तार असेल तर, अॅम्पिअरला मीटरने गुणा, तारेच्या जाडीने भागा आणि आलेल्या आकड्याला ३० ने भागा. तेवढे व्होल्ट तारेत जिरले. सिंगल-फेजला ३० ऐवजी २५ ने भागा. मीटर म्हणजे मीटरपेटीपासून मोटारीपर्यंतचे एकेरी अंतर, बोअरमध्ये सोडलेली केबल धरून. जाडी म्हणजे बंडलावर छापलेले चौरस मिलिमीटर, ज्याला आपण दीड, अडीच, चार, सहा म्हणतो. ती तारेची रुंदी नव्हे, कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ आहे. जुने लोक अजून ३/२२, ७/२० असे मागतात. त्यात पहिला आकडा तारांचा आणि दुसरा गेजचा, आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे विसरून कित्येकांनी जास्त पैसे देऊन बारीक माल घरी आणला आहे.

किती व्होल्ट जिरू द्यायचे? आमचे मत, शंभरात तीनपेक्षा जास्त नाही. थ्री-फेजला सुमारे १२ व्होल्ट, सिंगल-फेजला ७.

नागावच्या वाडीतली एक एचपीची सिंगल-फेज मोटार घ्या. ती साधारण ७ अॅम्पिअर घेते. मीटरपासून विहीर ८० मीटर, वायर दीडची. ७ गुणिले ८० म्हणजे ५६०, त्याला दीडने भागले की ३७३, त्याला २५ ने भागले की जवळपास १५ व्होल्ट. खांबावर २३० असले तरी मोटारीला २१५. अडीचची वायर असती तर ९ व्होल्ट जिरले असते, चारची असती तर साडेपाच. म्हणजे एवढ्याशा मोटारीला, एवढ्याशा अंतराला चारची वायर लागते! कुठल्याही दुकानदाराला सांगून पाहा, तो हसेल.

या ठिकाणी कोरडवाहू शेतकऱ्याने जरा थांबून आपल्या मोटारीच्या पत्र्यावरचा आकडा वाचावा. पाच एचपीची थ्री-फेज मोटार भरल्या कामाला साधारण साडेसात अॅम्पिअर घेते. किनाऱ्यावरची एक एचपी आणि वऱ्हाडातली पाच एचपी, दोघींचा करंट जवळपास सारखाच. एकीचा सगळा भार एकाच फेजवर, तोही कमी दाबावर. दुसरीचा भार तीन फेजांत वाटलेला आणि दाब जास्त. तेव्हा "माझी मोटार लहान, मला कशाला जाड वायर" हे सिंगल-फेजवाल्याचे म्हणणे चुकीचे ठरते. बाजारात लहान शेतकऱ्याला सिंगल-फेजचे सबमर्सिबल हौसेने गळ्यात मारतात, तेव्हा हे त्याला कुणी सांगत नाही.

आता आपल्या रानात येऊ. पाच एचपी पाणबुडी मोटार, मीटरपेटीपासून बोअर २१० मीटर, बोअरमध्ये केबल ७० मीटर, एकूण २८०. साडेसात गुणिले २८० म्हणजे २१००. अडीचच्या केबलमध्ये २८ व्होल्ट जिरतात, चारच्यात साडेसतरा, सहाच्यात पावणेबारा. आपल्या तीन टक्क्यांच्या मापाने सहाची केबल हवी. गावात बहुतेकांच्या बोअरवर अडीच किंवा फार तर चार लोंबते आहे.

हे झाले मोटार फिरू लागल्यानंतरचे. सुरू होतानाचा मामला वेगळा. थेट स्टार्टरवर सुरू होताना मोटार सहापट करंट ओढते, म्हणजे ४५ अॅम्पिअर. तेवढ्या क्षणापुरते अडीचच्या केबलमध्ये याच हिशेबाने १६८ व्होल्ट जिरतात, सहाच्यात ७०. प्रत्यक्षात थोडे कमी जिरतात, कारण दाब पडला की ओढही कमी होते. पण मोटारीची उचल दाबाच्या वर्गाने पडते. दाब निम्मा झाला की ताकद पाव होते. म्हणून बारीक केबलवरची मोटार उचलत नाही, घुमत राहते, आणि घुमणारी मोटार म्हणजे चुलीवर ठेवलेली मोटार. दोन मिनिटांत वार्निश जळाल्याचा वास येतो.

इथपर्यंत वायरमन खूश होईल. म्हणेल, बघा, मी काय सांगत होतो! आता त्याने पुढचे ऐकावे.

वरचा सगळा हिशेब मीटरपेटीत ४१५ व्होल्ट आहेत असे धरून केला. पाळीची लाइट आली, एका डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू झाले की फीडरच्या शेपटाला ४१५ कुणी पाहिले आहेत? ३५० धरू. दाब कमी झाला की मोटार तेवढेच काम करायला जास्त करंट ओढते, सुमारे नऊ अॅम्पिअर. मग अडीचच्या केबलमध्ये ३३ व्होल्ट जिरतात आणि मोटारीला मिळतात ३१७. वर्गाच्या हिशेबाने ताकद शंभरातली ५८ उरली. आता शेतकऱ्याने पदरमोड करून सहाची केबल टाकली. मोटारीला ३३६ मिळाले, ताकद ६६. बदल झाला, नाही असे नाही. पण सहाची केबल तशीच ठेवून मीटरपेटीत ३९० व्होल्ट आले असते तर? मोटारीला ३७८ मिळाले असते आणि ताकद झाली असती ८३.

हे आकडे पाठ करा. तार बदलल्याने ५८ चे ६६ झाले. वीज कंपनीने आपले काम केले असते तर ६६ चे ८३. आपल्या बारीक केबलचे खापर आठाचे आणि त्यांच्या पडलेल्या दाबाचे सतराचे. आपले आठ आपण कबूल करू. पण त्या आठाच्या आड सतरा लपवू देणार नाही.

३९० हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. लघुदाबाच्या ग्राहकाला ठरलेल्या दाबाच्या सहा टक्के वर किंवा खाली, याच्या बाहेर वीज देऊ नये, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत लिहिलेले होते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने कृती मानके केली त्यांतही ती मर्यादा आली. ४१५ चे सहा टक्के २५ होतात. राहिले ३९०.

आणि केबल लांब का होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. शेतकऱ्याला दोन-तीनशे मीटर वायर ओढायची हौस नसते. खांब विहिरीपर्यंत येत नाही म्हणून तो स्वतःच्या पैशाने, बाभळीच्या फांद्यांवर आणि बांबूंवर टांगून वायर नेतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ ने मागेल त्याला वीज देण्याचे कर्तव्य कंपनीवर टाकले आहे. वर्षानुवर्षे अर्ज पडून राहिले, कोटेशन भरलेल्यांनाही खांब मिळाले नाहीत. न आलेल्या खांबांचे अंतर शेतकऱ्याच्या केबलने भरून काढले आणि मग त्या केबलला बारीक म्हणून नावे ठेवली.

तारेचे हे शास्त्र कंपनीला माहीत नाही अशातला भाग नाही. २०१८ साली राज्य सरकारने तुंबलेल्या कृषिपंपांना उच्चदाब वितरण प्रणालीतून जोडण्या द्यायची योजना आणली. त्यात एकेका-दोघा शेतकऱ्यांसाठी लहान रोहित्र आणि ११ हजार व्होल्टची लाइन थेट त्याच्यापर्यंत. ११ हजारांवर तोच भार वाहायला ४१५ च्या मानाने साडेसव्वीस पट कमी करंट लागतो, आणि तारेत जिरणारी वीज करंटच्या वर्गाने कमी होते. म्हणजे जे गणित आपण केबलसाठी केले तेच गणित. कंपनीला ते नव्या जोडण्यांपुरते सुचले. एका डीपीवर पंधरा-वीस पंप टांगलेल्या जुन्या शेतकऱ्याने काय करायचे?

आता थोडे कडू बोलतो. महाराष्ट्रात १९७७ साली शेतीपंपांना मीटर सोडून एचपीवर बिल आकारायला सुरुवात झाली. मोटार चालो न चालो, तार वीज खावो न खावो, बिल तेवढेच. २०२४ साली साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची घोषणा झाली, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी. मोफत कुणाला नको असते? पण याचा तारेवर काय परिणाम झाला तो पाहा. वरच्या उदाहरणात अडीचची केबल पावणेचारशे वॉट नुसती उष्णता करून उडवते, सहाची दीडशेच्या आसपास. हजार तास मोटार चालली तर सव्वादोनशे युनिटांचा फरक. युनिटाला दाम असता तर शेतकऱ्याने हा फरक पाहून दोन-चार हंगामांत जाड केबल टाकली असती. आणि युनिट मोजून विकायचे असते तर कंपनीनेही शेपटाला दाब पोचवला असता, कारण पडलेल्या दाबात तिचाच माल वाटेत जिरतो. युनिटाची किंमत शून्य झाली की दोन्हीकडची तार बारीक राहते. फुकट मालाच्या दर्जाची तक्रार घेऊन गेलेल्याला खिडकीवरचा कारकून काय ऐकवतो ते आमच्या कार्यकर्त्यांनी ऐकले आहे: "फुकट मिळतेय ना, वर व्होल्टेज पण पाहिजे?"

आमची मागणी पहिल्यापासून वेगळी होती आणि आहे. कापसाला, ज्वारीला उत्पादनखर्चावर आधारलेला भाव द्या, आणि विजेचे दाम मोजून घ्या. दाम मोजणाऱ्याला ३९० व्होल्ट मागता येतात. वीज फुकट, पण जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग कुणी फुकट केलेले ऐकिवात नाही.

हिशेब मागण्याची ही रीत रायगडला नवी नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ साली, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. तो संप सहा वर्षे चालला. धान्य किती पिकले आणि त्यातले कुणाच्या घरी किती गेले, हेच भांडणाचे मूळ होते. आज भातखाचराच्या जागी मीटरपेटी धरा.

दुकानातल्या फसवणुकीबद्दल. केबल सहाची म्हणून विकली जाते, पण आत सहा असते का? तीन परीक्षा सांगतो. पहिली, आयएसआयचा शिक्का आणि आय.एस. ६९४ हा आकडा वेष्टणावर असला पाहिजे. दुसरी, टोक सोलून आतल्या बारीक तारा मोजा. ०.३ मिलिमीटरच्या तारा असतील तर अडीचच्या केबलमध्ये एका कोअरला ३६, चारच्यात ५६, सहाच्यात ८४ च्या आसपास भरतात. तारा त्याहून बारीक असतील तर संख्या जास्त लागते, नुसती संख्या पाहून भुलू नका. तिसरी आणि आमच्या आवडीची परीक्षा म्हणजे तराजू. एक चौरस मिलिमीटर तांब्याची एक मीटर तार ८.९ ग्रॅम भरते. म्हणजे तीन कोअरच्या शंभर मीटर बंडलात, अडीचची असेल तर नुसते तांबे साडेसहा किलोच्या वर, चारची असेल तर साडेदहा किलो, सहाची असेल तर सोळा किलोच्या घरात असले पाहिजे. वरच्या रबराचे वजन वेगळे. अख्खे बंडल मिळूनही एवढे भरत नसेल तर छापलेला आकडा खोटा. कापूस विकताना काटा मारणाऱ्यांशी आपण आयुष्यभर भांडलो, तार घेताना काटा का मागू नये?

अल्युमिनियमची केबल स्वस्त पडते आणि ती वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. फक्त तांब्याच्या १० ला अल्युमिनियमची १६ लागते, हे प्रमाण ध्यानात ठेवा. जिथे तांबे आणि अल्युमिनियम एकत्र जोडायचे तिथे नुसता पीळ देऊ नका. दोन धातू, त्यात ओल, त्यात खारी हवा. अष्टागरात असा जोड पांढऱ्या भुकटीने भरून आतून कुजतो. बाहेरून चिकटपट्टी शाबूत, आत अर्ध्या ओहमचा अडथळा. सात अॅम्पिअरला त्या एका जोडात पंचवीस वॉट उष्णता होते, म्हणजे बोटभर जागेत सोल्डरिंगची इस्त्री ठेवल्यासारखे. असे दोन जोड असले की वरचा चारच्या वायरीचा सगळा हिशेब पाण्यात गेला. दोन धातूंसाठी वेगळे लग मिळतात, ते दाबून बसवून घ्या. कोरड्या मुलखात हे उशिरा होते, इतकाच फरक. खत-फवारणीच्या खोलीत स्टार्टर टांगणाऱ्यांनी मात्र स्वतःला किनाऱ्यावरचेच समजावे.

तारेची जाडी आणि फ्यूज यांचे नाते मोडू नका. फ्यूज जळतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार भरली की मग बारीक केबल स्वतःच फ्यूज होते. एक फेज गेली की उरलेल्या दोघींतला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो, साडेसातचे तेरा होतात. म्हणून रिले मोटारीच्या पत्र्यावरच्या अॅम्पिअरला लावलेला हवा, शेवटच्या खुणेला नको. आणि अर्थिंगची आठ नंबरची तार एकदा ओढून पाहा. कितीतरी ठिकाणी ती जमिनीशी गंजून तुटलेली असते आणि तशीच दिसायला उभी असते. ओल्या हाताने स्टार्टर दाबणारा आपला माणूस तिच्या भरवशावर असतो. मोटार परत भरून आणता येते.

आता काम. मोटार चालू ठेवून मीटरपेटीत तिन्ही फेजांमधले व्होल्टेज मोजा. लगेच स्टार्टरच्या मोटारीकडच्या टोकांवर मोजा, आणि उघड्या विहिरीवरची मोटार असेल तर मोटारीच्या पेटीतही. दोन ठिकाणांतला फरक आपला, तो केबल आणि जोड बदलून आपण कमी करायचा. पाणबुडी असेल तर बोअरमधल्या केबलचा हिशेब वरच्या सूत्राने घाला. मीटरपेटीतच ३९० पेक्षा कमी असेल तर तो फरक कंपनीचा. हे मोजमाप हात सरावलेल्या माणसाकडूनच करून घ्या. पंधरा दिवस, वेळ आणि तारीख घालून, शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन वहीत लिहा. मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, दोन्ही २००३ च्या कायद्यानेच दिलेले. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. एका डीपीवरच्या पंधरा जणांनी एकाच दिवसाच्या, एकाच वेळेच्या नोंदी जोडल्या की त्यांना रोहित्राचा भार तपासावाच लागतो.

आपल्या पिकाच्या दृष्टीने नोंदी कधी घ्यायच्या? कपाशीला बोंडे भरण्याच्या काळात पावसाने ताण दिला असेल तेव्हा, आणि रब्बी ज्वारी पोटरीत येते तेव्हा, पेरणीपासून पन्नास-पंचावन्न दिवसांनी. तेव्हाच सगळे पंप चालू असतात आणि दाब सगळ्यात खाली असतो. कोरडवाहूवाल्याला वर्षातून मोजून एक-दोन संरक्षित पाणी द्यायचे असते. बागायतदाराची मोटार जळाली तर त्याची एक पाळी चुकते, आपली चुकली तर दुसरी पाळी नसते.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान एका डीपीच्या नोंदी आणाव्यात. डीपीवर किती पंप, प्रत्येकाचे एचपी, मीटरपेटीपासूनचे अंतर, केबलची जाडी आणि धातू, आणि दोन ठिकाणचे व्होल्टेज. ज्यांच्याकडे मल्टीमीटर नाही त्यांनी शेजारच्या गावाकडून मागून घ्यावा. टाँग टेस्टर बैठकीच्या जागी ठेवलेला असेल आणि केबलच्या तुकड्यांसाठी तराजूही.